थिनरचा वास आणि स्मरणशक्ती

प्रश्न : माझा १५ वर्षांचा भाचा बरेच महिने रुमालावर थिनर घेऊन हुंगत होता. आता सकाळी वाचलेला धडा त्याला संध्याकाळी आठवत नाही. मोठ्यांपेक्षा मुलांना याचा धोका अधिक असतो का?

उत्तर : होय. थिनरमधील टोल्यूइन मेदात सहज विरघळते, त्यामुळे ते श्वासावाटे रक्तात आणि तेथून झपाट्याने मेंदूत पोहोचते, व मज्जातंतूंवरील मेदयुक्त मायलिन आवरणाला इजा करते. हे आवरण, विशेषतः कपाळामागील भागात, साधारण वयाच्या पंचविशीपर्यंत घडत असते. म्हणून किशोरवयात नवे शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता पुरती विकसित होण्याआधीच खुंटू शकते. दीर्घ व्यसनाने प्रौढांचीही स्मृती ढासळते. व्यसन पूर्ण सुटल्यास मात्र अनेकांची स्मरणशक्ती हळूहळू सुधारते, आणि हा दिलासा खरा आहे. भाच्याला रागावू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे लवकर न्या.