मुलगी १९ वर्षांची आहे, लातूरला गाण्यात विशारद करते. आता ऑपेरातली सोप्रानो होता येईल का?

उशीर अजिबात झालेला नाही. ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटक, आणि सोप्रानो म्हणजे त्यातला बायकांचा सगळ्यांत उंच आवाज. तो पिकतोच मुळी पंचविशीनंतर. पण 'तिचे सर म्हणतात, वरचं सगळं किंचाळणं आहे' हे तुम्ही लिहिलंत आणि मला राहवलं नाही.

मी परभणीची. आमच्या क्लासात सगळ्या पोरींना एकच पट्टी, म्हणजे 'सा' धरायचा सूर एकच: काळी तीन, पेटीवरची तिसरी काळी. मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'ला, माझ्या आवाजाची नुसती वाफ व्हायची. तार म्हणजे वरच्या सप्तकात जरा मोकळी सुटले की सर पेटीचा भाताच बंद करायचे. "बाईचा आवाज कसा जड पाहिजे." तीन वर्षं दाबून गायले. शेवटी घसा बसला, डॉक्टरांनी १५ दिवस मौन सांगितलं. चहासुद्धा पाटीवर लिहून मागायचे.

पुढं मुंबईत एका बाईंकडं पाश्चात्त्य गाणं शिकायला गेले. त्या पियानोवर अर्ध्या अर्ध्या सुरानं चढत गेल्या, मी मागून 'आ' लावत गेले. थांबलो तेव्हा पियानोच्या मधल्या 'सी' या सुरापासून पुरती दोन सप्तकं वर होतो. सुट्टीत घरी तोच रियाज केला, तर शेजारच्या काकू अनवाणी पळत आल्या, "काय निघालं गं माय, साप?"

सर म्हणायचे, वर तुझे शब्द कळत नाहीत. कळणार कसे? ऑपेरात माइक नसतो, समोर साठ-सत्तर वाद्यं. वर चढताना जबडा उघडत न्यायचा, म्हणजे तोंडाची पोकळी सुराला साथ देते. त्यात अ, इ, उ सगळे एकसारखेच ऐकू येतात. दोष नाही तो. मोझार्टनं १७९१ मध्ये 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरातल्या रात्रीच्या राणीला तर मी थांबले त्या 'सी'च्याही वर 'एफ'पर्यंत नेलंय. तिला कोण जड आवाज मागतं?

करिअरचं म्हणाल तर मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात अधूनमधून ऑपेरा होतो, त्यावर घर चालत नाही. मुंबईच्याच सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ लंडनला शिकल्या, तिकडंच नाव कमावलं. बाहेर जावंच लागतं. इटालियन, जर्मन, फ्रेंचचे उच्चार आत्तापासून घोटायला लावा. मी स्वतः समूहात गाते आणि शिकवण्या घेते, नायिका कधी झाले नाही, हेही सांगून ठेवते.

आणि हो, वरचा सूर लागला म्हणून कुणी सोप्रानो होत नाही. आवाज सहज कुठं टिकतो ते जाणकारानं ऐकावं लागतं. काळी तीनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज छान फुलला, तेही खरंच. पण क्लास आधी बदला. तिची पट्टी कोणती ते कळवा.