इलेक्ट्रॉनिक्स असेंब्ली लाइनवर नवीन अप्रेंटिस म्हणून जातोयस तर
अरे पहिल्या आठवड्यात सोल्डरिंग दिलं नाही म्हणून नाराज होऊ नकोस, आधी ईएसडी, म्हणजे स्टॅटिक विजेपासून पार्ट कसे वाचवायचे ते, नीट शिक, रिस्ट स्ट्रॅप (अंगातली स्टॅटिक जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा) रोज टेस्ट करूनच बोर्डला हात लाव कारण अंगातल्या स्टॅटिकने आयसी (चिप) खराब झाली तरी आपल्याला जाणवतही नाही आणि कधीकधी बोर्ड टेस्टिंगला पास होऊन नंतर ग्राहकाकडे बंद पडतो. नेहमीचं लीड-फ्री (बिनशिशाचं) सोल्डर साधारण 217 डिग्री सेल्सिअसला वितळायला लागतं, जुनं 63/37 वालं (63% कथील, 37% शिसं) 183 ला, मग सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनचं प्रोफाइल (कुठल्या वेळी किती तापमान) कसं ठरवतात ते ऑपरेटरला विचारच. आयपीसी-ए-610 (बोर्डचं काम कसं असलं तर चालतं ते सांगणारं स्टँडर्ड) मधले जॉइंटचे फोटो बघत राहा, नजर तयार होते. आणि महिनोन्महिने नुसतं पॅकिंगलाच बसवलं तर गप्प राहू नकोस, ट्रेनिंग प्लॅन माग, एसएमटी (बोर्डच्या पृष्ठभागावर पार्ट बसवणं), टेस्टिंग, रिपेअर सगळीकडे फिरवा म्हणून सांग, तू शिकायला आलायस.