ऐंशी हजार ठेवा, आधी बेअरिंग उघडा

प्रश्न : मी साखर कारखान्यात फिटर आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आवाज आणि व्हायब्रेशनवरून मशीनचा बिघाड आधीच ओळखणारं एआय शिकायचं म्हणतो. क्लासची फी ८० हजार. मी बावीस वर्षं स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून हेच करतोय, यात करिअर कसलं? फी भरावी का?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : फी भरू नका. मुलाची निवड मात्र चांगली आहे.

तुमचा स्क्रू ड्रायव्हर हाउसिंगचा, म्हणजे बेअरिंग बसवलेल्या कवचाचा, थरथराट कानापर्यंत आणतो. सेन्सरही तेच करतो, फक्त तो मोजतो. बेअरिंग वाजतंय हे तुम्ही सांगालच, पण खड्डा आतल्या रेसवर (गोळ्या धावतात त्या कड्यावर) आहे की बाहेरच्या, हे मोजणीतून कळतं. ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. त्यात नऊ गोळ्या. मोटर १४४० आरपीएमची, म्हणजे शाफ्टचे सेकंदाला २४ फेरे. गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा शाफ्टपेक्षा हळू फिरतो, सेकंदाला साडेनऊच्या आसपास. बाहेरच्या रेसवर खड्डा असेल तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका देते. नऊ गोळ्यांचे मिळून सेकंदाला सुमारे ८६ ठोके. आतल्या रेसवर असेल तर सुमारे १३०. दोष नवा असताना हे ठोके इतके बारीक असतात की शेजारच्या पंपाच्या गोंगाटात कानाला सापडत नाहीत. ते गाळून काढायचं शास्त्र हाच तुमच्या मुलाचा विषय.

आता एआयचं. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने मुद्दाम खड्डे पाडलेल्या बेअरिंगच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. कित्येक मुलं त्यावरच प्रोजेक्ट करतात आणि जवळपास शंभर टक्के अचूकता आली म्हणून खूश होतात. पण ते बेअरिंग प्रयोगशाळेतलं, खड्डा नेमका कोरलेला. तुमच्या कारखान्यात आयडी फॅनची (बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याची) पाती राखेने झिजतात, बॅलन्स जातो, त्यातच फाउंडेशन बोल्ट ढिला असतो. नुसता आवाज पकडायचा तर आजूबाजूची मशिनंही त्यात मिसळतात. अशा वेळी ज्याला मशीन कळतं त्यालाच आकडे कळतात. म्हणून मला हे क्लास उलट्या टोकाने सुरू झालेले वाटतात.

मग करायचं काय? डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयरला मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनच घ्यावं, एआयचं नाव लावलेल्या शाखेसाठी ते सोडू नये. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरचा मशिनरी फॉल्ट डायग्नोसिस अँड सिग्नल प्रोसेसिंग हा कोर्स आहे. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची तरच थोडी फी. सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. व्हायब्रेशन अॅनालिस्टची प्रमाणपत्रं आयएसओ १८४३६-२ या मानकाप्रमाणे चार पायऱ्यांत मिळतात. पहिलीला सहा महिन्यांचा अनुभव लागतो, दुसरीला अठरा. म्हणजे ती नोकरीत शिरल्यावरची गोष्ट, आणि तेव्हा खर्च कंपनी उचलते का हे विचारता येतं.

कामं वीज केंद्रांत, सिमेंट, स्टील, रिफायनरीत असतात. गावोगाव जाऊन मोजमाप करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्याही आहेत. सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या मित्रांपेक्षा पगार कमी दिसेल, फिरती खूप, शटडाउनला रात्री जागायच्या. हे त्याला आत्ताच सांगा.

तोवर घरी एक प्रयोग. फायफॉक्स हे मोफत अॅप फोनमध्ये घ्यायचं आणि वॉशिंग मशीन कपडे पिळत असताना फोन मशीनवर नीट चिकटवून ठेवायचा. कपडे एका बाजूला गोळा झाले की अॅपच्या आलेखात ड्रमच्या सेकंदाच्या फेऱ्यांच्या आकड्यावर उंच टोक उठतं. हाच अनबॅलन्स. बेअरिंगचे सुरुवातीचे बारीक ठोके मात्र फोन पकडणार नाही. त्याचा सेन्सर तेवढा वेगवान नसतो.

आणि हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगमध्ये निघालेली दोन-चार बॉल बेअरिंगं स्टोअरला विचारून घरी आणा. गॉगल घालून पिंजरा कापा, गोळ्या एका बाजूला सरकवा, रेस मोकळी होते. खड्डा कुठे पडलाय ते त्याला शोधू द्या, आणि काढण्याआधी ते बेअरिंग कसं वाजत होतं ते तुम्ही सांगा.