वाचकांचे प्रश्न : सावित्रीच्या काठाने बाणकोटपर्यंत

प्रश्न : दिवाळीनंतर वयस्कर आईवडिलांना घेऊन सावित्री नदीच्या काठाने समुद्रापर्यंत गाडीने जाण्याचा विचार आहे. नदी आणि जंगल दोन्ही दिसतील असा रस्ता कोणता, आणि वाटेत काय पाहावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सावित्री समुद्राला मिळते त्या बाणकोटला चिपळूणहून खेड-मंडणगडमार्गे जाणे सोयीचे असले, तरी आपण कशेडीमार्गे पोलादपूर गाठावे, असे मी आग्रहाने सुचवीन, कारण महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी सह्याद्री उतरून कोकणात येते ती त्याच बाजूला, आणि तिच्या सोबतीने पश्चिमेकडे गेल्यावरच ओढ्यासारख्या प्रवाहाची खाडी कशी होते ते कळते. महाडच्या अलीकडे नव्या पुलावर आपण नदी ओलांडाल. शेजारचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, हे तेथून जाताना विसरू नये. महाडजवळ पात्रात मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

पुढे टोळफाट्यावरून आंबेतकडे वळावे. आंबेत-म्हाप्रळ पुलावर कोणत्या वाहनांना परवानगी आहे, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. पूल ओलांडून उजवीकडे बाणकोटचा रस्ता धरला की खाडी उजव्या हाताला येते, आणि या प्रवासातला सर्वांत सुंदर भाग इथे सुरू होतो. डावीकडे ऐन-किंजळीची झाडी, उजवीकडे कांदळवन. ओहोटीच्या वेळी गाडी थांबवून तिवराचे एखादे पान उलटून पाहावे : झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे कण बोटाला लागतात, आणि बुंध्याभोवतीच्या चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळे वर आलेली दिसतात. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. ते मालकाच्या मर्जीवर उभे आहे, याची मला सतत काळजी वाटते.

रस्ते झाले त्याआधी ही खाडीच रस्ता होती. घाटावरचा माल महाडला गलबतांवर चढे आणि बाणकोटच्या मुखातून समुद्रात जाई. त्या मुखावर हुकमत ठेवणारा किल्ला म्हणूनच महत्त्वाचा ठरला. १७५६ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहात इंग्रजांनी विजयदुर्ग सोडण्याचे मान्य करून बाणकोट आपल्याकडे घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. जांभ्या दगडाच्या त्या तटावरून नदी आणि समुद्र यांची भेट स्पष्ट दिसते. आईवडिलांना चढ जड वाटल्यास खाली खाडीकाठी बसावे, तेथूनही पैलतीर छान दिसतो.

नाना फडणवीसांचे वेळास गाव तेथून जवळच आहे. परतताना वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे जाऊन हरिहरेश्वर करता येईल; मात्र शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवावी.