पाढे पाठ, तरी छप्पनला अडतो

"मॅडम, वीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत हो त्याचे. पण मधलाच विचारला की गप्प. आणि भागाकार तर नकोच." चौथीतल्या मुलाची आई काकुळतीला आली होती. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की चिंचोक्यांचा डबा आता टेबलावरच असतो.

मी त्याला सात आठे विचारलं. ओठ हलायला लागले. सात एके सात, सात दुणे चौदा... सात सक बेचाळीसपर्यंत आला आणि आई म्हणाली, "लवकर!" पोरगं परत सात एकेवर. पाढा येत होता, पण गाण्यासारखा. मधलीच ओळ सुटी निघत नव्हती.

घड्याळ लावून पाढे विचारणं आधी बंद करायला लावलं. मग त्याला म्हटलं, आठ-आठ चिंचोक्यांच्या सात ओळी मांड. शेवटच्या ओळीत एक कमी पडला, टेबलाखाली घरंगळला होता. "पंचावन्नच झाले," तो न मोजता म्हणाला. आई बघतच राहिली. मग त्याला बाजूला येऊन बसायला सांगितलं. तिथून सात-सातच्या आठ ओळी. "मग आठ साते वेगळं पाठ कशाला केलं?"

बरोबर होतं त्याचं. दहापर्यंतच्या पाढ्यांत 100 गुणाकार. उलटसुलट एकच धरले आणि एक, दोन, पाच, दहाचे पाढे वगळले, की उरतात 21. जुन्या लग्नपत्रिकांमधून तेवढे त्रिकोण कापले. वरच्या टोकाला 56, खाली 7 आणि 8. अंगठ्याने 56 झाकला की गुणाकार, 8 झाकला की भागाकार.

चूक माझीच, सगळी 21 कार्डं एकदम दिली. चार दिवसांत कंटाळला. मग रोज तीन, त्यात नवं एकच. अडलं तर उत्तर सांगायचं नाही, चिंचोके मांडायचे. आईला डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे समजण्यातच मुळात अडचण असण्याची, धास्ती होती. मांडूनही कमी-जास्त कळत नसेल, तर मी तपासणीला पाठवते. इथे तसं काही दिसलं नाही.

दीड महिन्याने आई हसत आली. रात्री पोरगं बाबांची परीक्षा घेतं म्हणे. परवा 48 च्या कार्डावरचा 6 झाकला, तर बाबा पुटपुटायला लागले, "आठ एके आठ..." याने मुकाट्याने चिंचोक्यांचा डबा पुढे सरकवला.