पालघर आठवतं, राईनपाडा का नाही?

प्रश्न: ताई, फॉरवर्ड आलं की चेक केल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही एवढं मी शिकले. पण माझा भाचा म्हणतो, खऱ्या बातम्यांनीपण माणसाचं मत वाकवता येतं. बातमी खरी असेल तर मत चुकीचं कसं होईल?
– एक वाचक, सांगली

उत्तर: भाचा बरोबर बोलतोय हो. घरात विचारून बघा, पालघर म्हटलं की सगळ्यांना दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर आठवेल. मग राईनपाडा विचारा, बहुतेक गप्प बसतील. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं गाव, 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे 5 जण भिक्षा मागायला आलेले आणि व्हॉट्सॲपवर मुलं पळवणारी टोळी आलीय असं फिरत होतं, झालं, जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. (त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डला एका वेळी 5 चॅटची मर्यादा घातली.)

आता पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले, 16 एप्रिल 2020 ची रात्र, जमावानं त्या दोन साधूंना आणि ड्रायव्हरला मारलं ती. लॉकडाऊन, चोर फिरतायत, मुलं पळवतायत, किडन्या काढतायत अशा अफवा, गावोगावी रात्रीचा पहारा, त्याच आठवड्यात त्याच भागात एका डॉक्टरवरसुद्धा हल्ला झालेला. म्हणजे राईनपाड्याचंच दुखणं. पण व्हिडिओ व्हायरल झाला आणि चॅनलवर एकच प्रश्न सुरू, मारणारे कुठल्या धर्माचे? शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर सांगावं लागलं की पकडलेल्या 101 जणांत एकही मुस्लिम नाही. तरी काय, मग संशय मिशनऱ्यांवर, मग डाव्यांवर! साधू मारले गेले हे खरं, पोलीस तिथं होते हेही खरं, त्यात खोटं काहीच नाही, फक्त अफवा कुठून आली आणि दोन वर्षांपूर्वीच्या प्रकारातून काय शिकलो हे कुणी फारसं विचारलंच नाही. राईनपाड्यात मेलेले भटके, मारणारे गावातलेच गरीब, धर्माचा अँगल नाही, मग डिबेटला दोन बाजू आणायच्या कुठून? माझ्या मते ती बातमी म्हणूनच लवकर विझली.

प्रश्न: मग कोर्ट या चॅनलवाल्यांना काही बोलत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: बोलतं की. 2020 मध्ये दिल्लीतल्या तबलिगी जमात या मुस्लिम संघटनेच्या मेळाव्याला आलेल्यांवर कोरोना पसरवल्याचा आरोप झाला, त्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं 21 ऑगस्ट 2020 ला 29 परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचं दिसतं असं म्हटलं, पेपर आणि टीव्हीतल्या प्रचारावरही ताशेरे मारले. पण एप्रिलमध्ये रोज रात्री तबलिगींवर घसा फोडणाऱ्यांपैकी कुणी ऑगस्टमध्ये तेवढ्याच आवाजात निकालावर डिबेट घेतली म्हणाल, तर मला तरी एकही आठवत नाही.