डॉ. फीलगुड या इंग्लिश बँडचा ‘डाउन बाय द जेटी’ ऐकला, पण सगळी गाणी सारखीच वाटली. पब रॉकवाले या पहिल्या अल्बमवर एवढे फिदा का आहेत?

तुमची तक्रार अशी दिसते की आवाज सपाट आहे आणि गिटारवर धड एक सोलो, म्हणजे एकट्या गिटारला मोकळं सोडणारा तुकडा, नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला हा अल्बम आवडतो तो नेमका त्यांच्यामुळेच.

आधी आवाजाचं बोलू. जानेवारी 1975 मध्ये हा अल्बम आला तो मोनोमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच आवाज. त्या काळात इंग्लंडमध्ये स्टिरिओचा थाट, कीबोर्डचे डोंगर आणि एकेका बाजूला एकेक गाणं असा मामला होता. याउलट पबच्या मागच्या खोलीत, लोकांच्या नाकासमोर वाजवणारे बँड लंडनमध्ये उभे राहिले, त्यांना पब रॉक म्हणू लागले. निर्माता विक मेल याने फीलगुडला जमेल तितकं एकत्र, जसं वाजतं तसंच टेपवर घेतलं. म्हणून हेडफोन काढा आणि एकाच स्पीकरवर शेजारी कुरकुरतील इतक्या मोठ्याने लावा. हेडफोनवर हा अल्बम कोरडा ठणठणीत लागतो, हे मलाही मान्य.

आता गिटार. ‘शी डझ इट राइट’ पुन्हा लावा आणि फक्त गिटारवाल्या विल्को जॉन्सनकडे कान द्या. त्याच्या हातात पिक (तारा छेडायची चकती) नाही, तो बोटांनीच तारांवर फटके मारतो. डावा हात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबतो आणि लगेच सैल सोडतो, त्यामुळे आवाज लांबत नाही, कापल्यासारखा तुटतो. त्या तुटलेल्या जागांमधून मधेच एखादी सुरावट डोकं वर काढते आणि परत ठेक्यात शिरते. दुसरा गिटारवाला बँडमध्ये नाहीच. ठेका धरणारा आणि मिरवणारा, दोन्ही एकच माणूस. ही युक्ती त्याने जॉनी किड अँड द पायरेट्स या बँडच्या गिटारवाल्या मिक ग्रीनकडून उचलली, आणि ग्रीनची ‘ओये!’ ही वाद्यरचना अल्बममध्ये घेऊन ऋण उघड मान्यही केलं. सोलो शोधू नका, तो सगळीकडे सांडलेला आहे.

जाता जाता: हा विल्को न्यूकॅसलच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकला आणि नंतर खुष्कीच्या मार्गाने भारतात, थेट गोव्यापर्यंत आला होता. सतारी-बितारीचा मागमूसही अल्बममध्ये नाही, हे आपलं नशीब.

गायक ली ब्रिलो खर्जात गुरगुरतो आणि माउथ ऑर्गन वाजवतो. ‘रॉक्सेट’ ऐका. दुसऱ्याच्या मिठीत दिसलेल्या मुलीला तो जाब विचारतोय, पण रडगाणं नाही, सरळ दमदाटी. (स्वीडनच्या ‘रॉक्सेट’ या प्रसिद्ध पॉप जोडीने आपलं नाव याच गाण्यावरून घेतलं.) बेसवर स्पार्क्स आणि ड्रम्सवर बिग फिगर, दोघेही एक ठोका जास्तीचा देत नाहीत.

मला सगळ्यात जवळचं गाणं मात्र ‘ऑल थ्रू द सिटी’. अल्बमचं नाव त्यातल्याच एका ओळीतून आलंय. ही मंडळी टेम्स नदीच्या मुखाशी असलेल्या कॅन्व्ही बेटावरची. तिथे तेलाच्या टाक्या, आसपास रिफायनरीची जळती धुराडी, आणि 1953 च्या पुरात 50 हून जास्त माणसं गेल्यावर भक्कम केलेली समुद्राची भिंत. अमेरिकन ब्लूज गाणारे इंग्रज बहुतेक वेळा मिसिसिपी डेल्टाचं, म्हणजे ब्लूजच्या माहेराचं, सोंग आणायचे. विल्कोने आपल्याच दारातल्या धुराड्यांवर गाणं लिहिलं, आणि आपल्या भागाला ते लोक थट्टेने ‘टेम्स डेल्टा’ म्हणत. कव्हरही तसंच: काळापांढरा फोटो, किनाऱ्यावर उभे चौघे, चेहऱ्यावर हसू नाही.

सगळंच अव्वल आहे असं नाही. ‘बूम बूम’ मला भरतीचं वाटतं. जॉन ली हूकरचं मूळ गाणं ऐकलेल्याला त्यात नवं काही सापडत नाही. शेवटची ‘बोनी मोरोनी’ आणि ‘टकीला’ची जोडी प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केलेली, सॅक्सोफोनसह. मजा येते, पण बाकी अल्बमशी तिचा सूर जुळत नाही.

एवढं करूनही रुचला नाही, तर 1976 चा ‘स्टुपिडिटी’ ऐका. तो लाइव्ह आहे, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता, आणि यातली बरीच गाणी त्यात आणखी तापलेली आहेत. तोही आवडला नाही, तर हा बँड तुमच्यासाठी नाही. खुशाल सोडून द्या.